लाकडी माशाच्या पोटातली तार

वडगावात आमच्या गल्लीत घरटी माग होता आणि त्या मागांना लागणारे धोटे मी बनवत असे. धोटा म्हणजे ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळणारी छोटी लाकडी होडीच. आमच्याच पडवीत माझी थोरली बहीण मागाच्या वह्या बांधत बसायची. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती. तिला मी आक्का म्हणे. वही म्हणजे सुती फाशांची लांबलचक ओळ. प्रत्येक फाशाला मध्ये एक डोळा, आणि त्या डोळ्यातून ताण्याचा एकेक धागा जातो. आक्काचे सगळे डोळे एका मापाचे आणि एका रेषेत असत.

लढाई चालू होती त्या काळात एके दुपारी लोंढा स्टेशनातला एक रेल्वे इंजिन ड्रायव्हर आमची पडवी शोधत आला. मूळचा गोव्याचा, अंगानं थोराड, हातांच्या रेषांत कोळसा बसलेला. त्यानं खिशातून वीतभर लांबीचा एक लाकडी मासा काढून माझ्या हातात दिला. हिरवी पाठ, पांढरं पोट, काचेचे डोळे, हनुवटीला पितळी पत्र्याची जीभ. शेपटीच्या जागी मात्र एक फुटकं भोक होतं.

"मेस्ता, असलो एक करून दी. बिलायतेहून आता काय येत नाय."

"हा कशाला?"

"मासो धरूक."

मी एकदा त्याच्याकडे आणि एकदा आक्काकडे पाहिलं. आमच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. "मासा लाकूड खातो व्हय?"

"खायना. चाबता."

"का पण?"

"तें माशाक विचार," म्हणून तो हसला.

मग त्यानं भोकाची गोष्ट सांगितली. गळ अडकवायची कडी खिळ्यासारखी लाकडात फिरवून बसवलेली होती. काळी नदीच्या डोहात एका मोठ्या महसीर माशानं अशी ओढ घेतली की कडी गळासकट उपसून निघाली. म्हणून त्याला नाकापासून शेपटीपर्यंत आरपार एकच तार हवी होती. नाकाशी एक डोळा, दोरीसाठी. पोटाखाली एक आणि शेपटीला एक, गळांसाठी. लाकडाचं काहीही होवो, दोरी आणि गळ तारेनं जोडलेले राहायला हवेत.

त्या दिवशी माझं धोट्यांत लक्ष लागेना. पाण्यात लाकूड तरंगतं एवढंच मला ठाऊक. ते पोहतं कसं?

पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन मी मासा कोरला. पोटाकडून करवतीनं लांब चीर पाडली. तारेसाठी सायकलच्या चाकातल्या तारा आणल्या. त्या भलत्याच ताठ, वाकवताना हातातून उसळायच्या. एकीनं तर माझी भुवई फोडली. मग मी तार शेगडीत लाल केली आणि ती लोण्यासारखी वळली. तीन डोळे केले, तार चिरेत बसवली, वर लाकडाची पातळ चीप लाखेनं चिकटवली, हनुवटीला पितळी जीभ लावली. सरस पाण्यात सुटला असता. मागच्या दगडी डोणीत मासा दोरीनं ओढून पाहिला, तर तो आडवा होऊन गोल गोल फिरू लागला.

"त्याला भोवळ आलीया रं," आक्का म्हणाली.

पोट कानशीनं घासलं, तारेचा नाकाशी असलेला डोळा पकडीनं इकडे तिकडे केला. शेवटी तो कसाबसा सरळ चालला. ड्रायव्हर घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. शेपटीचा डोळा पार उघडून केसात घालायच्या आकड्यासारखा झाला होता. मासा निसटला होता.

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. तीच तार सायकलीवर दोन माणसांचं ओझं पेलते आणि एका माशापुढं सरळ होते?

आक्कानं ती हातात घेतली. "तापीवलीस न्हवं?"

"व्हय. तुला कसं कळलं?"

"सुई दिव्यावर धरून वाकीवली की मऊ पडती. मग शिवताना परत वाकती. आन् हे डोळं बघ, एक हिकडं तोंड करून, एक तिकडं. मी वही बांधताना मधी खिळा असतोय, तवा समदं सारखं येतात. तुझ्याकडं खिळं न्हाईत व्हय?"

फळीवर एका रेषेत तीन खिळे ठोकले. तार न तापवता, एक टोक शेगड्याच्या, म्हणजे सुताराच्या चापाच्या, जबड्यात आवळून, पकडीनं प्रत्येक खिळ्याभोवती फेरा घेतला आणि दोन्ही टोकं तारेवरच दोन-दोन वेढे देऊन बंद केली. बोटं सोलली, चार तारा मोडल्या, पाचवी जमली. तीनही डोळे एका रेषेत आले. डोणीत मासा जीभ पाण्यात खुपसून शेपटी हलवत चालला तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ नुसते आळीपाळीनं त्याला ओढत बसलो.

या वेळी मी ड्रायव्हरला म्हटलं, "मला बघायचंय." आक्का आतून म्हणाली, "मी बी येणार." गल्लीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं, मासा लाकूड का चावतो ते बघायला चाललोय.

नदीवर थंडी होती. ड्रायव्हरनं खडकावरून काठीनं लाकडी मासा लांब फेकला आणि दोरी गुंडाळू लागला. पाण्याखाली हिरवी पाठ डुलत येताना दिसली.

"जित्ता वाटतोय रं," आक्का पुटपुटली.

कितीतरी वेळा फेकून झाल्यावर एकदा पाणी आतून उसळलं आणि काठी कमानीसारखी वाकली. ड्रायव्हर खडकाखडकांवरून धावत सुटला, आम्ही त्याच्या मागे. मध्येच काहीतरी कडकन वाजलं आणि लाकडाचा एक तुकडा वर येऊन तरंगत निघाला. माझा मासा चिरेवर उकलला होता. पण काठी वाकलेलीच राहिली. शेवटी त्यानं सोनेरी खवल्यांचा, हातभराहून लांब महसीर वाळूवर ओढला. जबड्यातून तार लोंबत होती, अर्धं लाकूड तिला चिकटलेलं. तारेचे तिन्ही डोळे बंदच, जसे फळीवर वळवले होते तसेच.

"मेस्ता, बगलंय?" ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला.

आक्का तोवर माशाच्या तोंडाशी वाकली होती. "ह्याला दात कुठं हाईत? मग फोडलं कशानं?"

ड्रायव्हरनं तोंड उघडून आत दाखवलं. दात घशात होते, आत दडलेले. तिनं बोट घातलं तसा तो ओरडला, "बाय, बोट काड! चिरडतलो!"

"भुकंनं चावला व्हय त्यो?"

"भुकेन न्हय. रागान. त्येच्या जाग्यात दुसरो कोण आयलो म्हणून."

पुढं मी त्याला बरेच मासे करून दिले. चिपेवर पितळी खिळे मारू लागलो, तेव्हा ते उकलायचे थांबले. तारा मात्र आक्काच वळवायची. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत तिला तारेचं काहीच नव्हतं. समोर बसलेल्या खानापूरच्या बाईला ती गळ्याला हात लावून सांगत होती, "हितं, बघा, हितं असत्यात दात." त्या बाईनं आधी अविश्वासानं मान हलवली, मग टोपली बाजूला सारून पुढं सरकली आणि म्हणाली, "खरं सांगतायसा? किती असत्यात?"

ते मात्र आक्कानं मोजले नव्हते.