जुन्या तेलावर नवा गॅस

माझ्या काकांना गाडीचा अभिमान होता असं म्हटलं, तर अभिमान या शब्दावर अन्याय होईल. गाडी मुळात त्यांच्या साहेबाची. मुंबईच्या ज्या कारखान्यात काकांनी स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म काढला, तिथल्या साहेबाने स्वतःला नवी गाडी घेतली आणि ही जुनी, नव्वदच्या सुमाराची, काकांच्या गळ्यात मारली. काका ती बक्षीस मिळाल्यासारखी म्हसळ्याजवळच्या आमच्या गावी घेऊन आले. तिच्यात एसी होता. म्हणजे एसीचं बटण होतं. आतला गॅस कधीच उडून गेला होता आणि त्या जातीचा गॅस बाजारातून बंद होऊन जमाना झाला होता. तरी भर मे महिन्यात काका काचा वर करून गाडी चालवायचे, कारण खाली केल्या असत्या तर लोकांना कळलं असतं. आम्ही आत उकडून निघायचो आणि हे गृहस्थ मानेवरून घाम ओघळत असताना नाक्यावरच्या लोकांना हात करायचे. त्यांच्याविषयी बोलताना मी ‘ते’ म्हणते, ती लहानपणापासूनची सवय आहे. त्यात आदर शोधू नये.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण काकीची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा माणगावला डायलिसिस सुरू झालं. काका-काकींना मूलबाळ नाही. मी काकांच्या भावाची मुलगी, शेजारच्याच घरात शिवणकाम करते, त्यामुळे सोबत जायचं काम माझ्याकडे आलं. डायलिसिस झालं की काकीचा रक्तदाब खाली यायचा, आणि परतताना घाटातल्या उकाड्यात तिचे ओठ पांढरे पडायचे. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं की या बाईला असं तापत नेऊ नका, एखाद दिवशी शुद्ध जाईल ती परत येणार नाही. मी म्हटलं, गावात एकाची नवी गाडी भाड्याने मिळते, ती सांगू. काका म्हणाले, घरात गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. जीव काकीचा जात होता आणि हे नाक सांभाळत होते. शेवटी जुन्या एसीत नवा गॅस घालून घ्यायचं ठरलं.

माणगावला हायवेवर एक एसीवाला होता. त्याने नीट समजावून सांगितलं. नुसता गॅस बदलून भागत नाही, कारण नवा गॅस जुन्या तेलाला जुमानत नाही. दोघं मिसळत नाहीत, तेल पाइपांत कुठेतरी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुनं तेल थेंबन्‌थेंब काढायचं, पाइप धुवायचे, रबरी रिंगा बदलायच्या, नवं तेल घालायचं आणि मग गॅस. मला समजलं. काकांनीही मान डोलावली. न समजताही मान डोलवायची कला त्यांनी साहेबापुढे आयुष्यभर गिरवली होती.

कॉम्प्रेसर खाली उतरवून एका डब्यावर पालथा धरला होता आणि काळं तेल गळत होतं. तेवढ्यात काका पुढे झाले.

“पुरे आता. तळाला वाईच राहू दे,” ते म्हणाले. “सगळा रिकामा नको करू.”

आमच्याकडे भाताची कणगी तळापर्यंत खरवडत नाहीत. तांदळाचा डबा, मिठाची बरणी, दिव्याचं तेल, काहीच पूर्ण रिकामं करायचं नाही. जुन्यातलं मूठभर ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. भातात ही रीत मला गोडच वाटते. पण काकांनी ती फिनेलच्या बाटलीपासून चुन्याच्या डब्यापर्यंत सगळीकडे नेली होती, आता कॉम्प्रेसरलाही लावली. मी म्हटलं, काका, ही कणगी नाही, मशीन आहे. तर म्हणाले, मशीनमधलं बायकांना काय कळतं. आणि तो एसीवाला! पाच मिनिटांपूर्वी थेंबन्‌थेंब म्हणणारा तो शहाणा एकदाच “सेठ, ऐसा नहीं चलता” असं पुटपुटला आणि मग कॉम्प्रेसर सरळ करून मोकळा झाला. काकांना निदान माहीत तरी नव्हतं. ह्याला माहीत होतं, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

पहिले काही दिवस गाडी झकास गार झाली. काकी मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून झोपायची. काका तिला मुद्दाम उठवून विचारायचे, गार वाटतंय ना? ती हो म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. आता नाक्यावर आलं की ते काच खाली करू लागले, बाहेरच्यांना आतला गारवा लागावा म्हणून.

मग एका दुपारी डायलिसिस करून परतताना, घाटात चढावर, बॉनेटखालून डुक्कर मारल्यासारखी किंकाळी आली आणि जळक्या रबराचा वास सुटला. कॉम्प्रेसर जाम झाला होता, त्याने पट्टा तोडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. काका बॉनेट उघडून उभे राहिले. मागे काकीची मान कलंडली. मी तिला आडवी केली, पाय मांडीवर घेतले, ओढणी बाटलीतल्या पाण्यात भिजवून तिच्या तोंडावरून फिरवली. मी तिला हाका मारत होते आणि ती ओ देत नव्हती. मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

श्रीवर्धनकडून मासळी घेऊन एक टेम्पो आला. ड्रायव्हरने काही न विचारता पेट्यांतला बर्फ काढून फडक्यात बांधून दिला. मासळीचा वास मारणारा तो बर्फ मी काकीच्या मानेला, काखेत लावला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये घ्या, परत माणगावला सोडतो. त्याने आणि मी मिळून तिला उचलून बसवलं. मी काकांना म्हटलं, चढा लवकर.

काकांनी एकदा टेम्पोकडे बघितलं आणि एकदा गाडीकडे.

“तुम्ही व्हा पुढं. गाडी अशी रस्त्यात टाकून कसा येऊ?”

काकी शुद्धीवर होती. तिने ते ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

दवाखान्यातून सुटल्यावर ती गावी आलीच नाही. तिची बहीण माणगावात, बाजाराच्या मागे राहते, तिच्याकडे गेली. काका न्यायला आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मी हितंच राहते. गाडीजवळ तुम्ही ऱ्हावा.” काकांना वाटलं, राग आहे, उतरेल.

त्यांनी नवा कॉम्प्रेसर बसवला. या वेळी मध्ये बोलले नाहीत म्हणे. आता डायलिसिसच्या दिवशी ते गावाहून निघतात आणि ती बाहेर यायच्या बऱ्याच आधीपासून दवाखान्याच्या दारात इंजिन चालू ठेवून, काचा वर करून बसतात. गाडी बर्फासारखी गार असते. मी सकाळीच एसटीने आलेली असते. काकी माझ्या हाताला धरून पायऱ्या उतरते, गाडीशी थांबते, काचेवर तळवा टेकवून बघते.

“झाली गार,” ती त्यांना म्हणते, आणि आम्ही रिक्षात बसतो.