रंग विचारणारे वस्ताद

आमचे वस्ताद आकडे-अक्षरं दाखवणाऱ्या नव्या पडद्याला आधी रंग विचारायचे. पडदा सर्किटच्या बोर्डाला जोडला की तो नुसता लाल करायचा, मग हिरवा, मग निळा. नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन ते प्रत्येक रंगाचं नाव मोठ्यानं घ्यायचे, शाळेत हजेरी घेतात तसं. उद्यमनगरात शेजारच्या लेथचा खडखडाट चालू असायचा आणि त्याच्याही वर यांचा आवाज, "लाल! हिरवा! निळा! हां, आता लिही काय लिहायचं ते." मी त्यांच्या वर्कशॉपात नवीन लागले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेलीय.

कुस्तीशी त्यांचा संबंध एवढाच, की लहानपणी एकदा तालमीत गेले आणि मनगट मोडून घरी आले. पण आमच्याकडं ज्याला आपलं काम येतं तो वस्ताद. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग फाउंड्रीतल्या भट्टीचं तापमान आणि डेअरीतल्या दुधाचं वजन दाखवणारे बोर्ड बनवायला लागले. शिक्षण आयटीआय. मी बी. ई., त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. ड्रायव्हर म्हणजे काय हे मी कॉलेजात चार वर्षं घोकलं होतं, त्यांनी ते चहा गार व्हायच्या आत सांगितलं. "बोर्डाला पडद्याची भाषा येत न्हाय. मधी दुभाषा लागतोय, त्यालाच तुमी ड्रायव्हर म्हणताय. दुभाषा चुकला, की दोघंबी बरोबर असून घोटाळा हुतोय."

पांढऱ्या अक्षरांवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. "पांढऱ्यात सगळं झाकतंय, पोरी," म्हणायचे. खरंच आहे ते. तिन्ही रंग सारखे मिसळले की पांढरा होतो, त्यात लाल-निळ्याची अदलाबदल झाली तरी पांढरा तो पांढराच. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, किती तेच तेच.

वस्तादांना जाऊन आता दीड वर्ष झालं. लोक त्यांचे विनोद सांगतात, त्यांचं मोठ्यानं बोलणं सांगतात. मला मात्र एक दुपार आठवते.

मुलींच्या कुस्तीची निवड चाचणी होती. मॅटवरची कुस्ती, एक लाल पोशाखात, एक निळ्या. जिंकेल ती राज्याला जाणार. गुणफलक आमचा. त्यावर नावं नव्हती, दोनच आकडे. लाल रंगातला आकडा लाल मुलीचा, निळा निळीचा. सकाळच्या कुस्त्या नीट झाल्या आणि जेवणाच्या सुट्टीत पडदाच मेला. जवळ दुसरा होता, तेवढ्याच मापाचा, पण वेगळ्या कंपनीचा. वस्ताद जनरेटरकडे गेले होते. मी पडदा बसवला, ड्रायव्हरमध्ये लांबी-रुंदी घातली, पांढऱ्या अक्षरांत ‘ओके’ उमटवलं. तेवढ्यात ते आले.

"रंग विचारलास?"

"हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं. शिट्टी व्हायला पाच मिनिटं होती, आणि मला त्या तीन रंगांचा कंटाळा आला होता, दुसरं काय!

ते परत जनरेटरकडे गेले. निळ्या पोशाखात आजऱ्याची एक मुलगी होती, कोपऱ्यात तिचे वडीलच कोच. पहिल्यापासून पकडी इतक्या झटपट झाल्या, की कुणाचा गुण कुठं चढला ते प्रेक्षकांनाच काय, मलाही कळलं नाही. शेवटची चाळीस सेकंदं राहिली तेव्हा लाल मुलीनं पट काढून दोन गुण घेतले, आणि माझ्या डोळ्यांदेखत फलकावरचा निळा आकडा वाढला. निळा सहा, लाल पाच. खरं होतं नेमकं उलटं. पडद्यानं रंग फिरवले होते.

मी ओरडायला हवं होतं. मी वायरीच चाचपत राहिले. निळीनं फलकाकडं बघितलं, वडिलांनीही बघितलं. "पुढं हायस! जपून! नुसतं टाळ!" वडील ओरडले. ती मागं मागं सरत राहिली. शिट्टी झाली, पंचांनी लाल मुलीचा हात वर केला, आणि निळी मॅटवर उभी राहून नुसती फलकाकडं बघत राहिली.

गलका ऐकून वस्ताद धावत आले. एकदा फलकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. सरळ माईक घेतला. "पावणं, ऐका! चूक आमच्या बोर्डाची हाय. निळ्या पोरीला आमी फसिवलं. ती हारली न्हाय, तिला आमी हारिवलं."

पंच म्हणाले, कागदावरचा निकाल बरोबर आहे, तोच राहील. संयोजकांपैकी एकानं तोडगा काढला, पुढच्या कुस्त्यांत मुलींनी पोशाखांची अदलाबदल करावी. वस्ताद भडकले. "चूक आमच्या पडद्याची, आन् कापडं पोरींनी का बदलायची?" तेवढ्यात जिंकलेली लाल मुलगी पाण्याची बाटली खाली ठेवून म्हणाली, "मी परत खेळते की. असलं जिंकून घरात काय सांगू?" तिच्या कोचनं कपाळावर हात मारला. पंचांनी आपसांत बोलून परत कुस्तीला होकार दिला आणि पडदा नीट करायला अर्धा तास दिला.

"तूच बिघडिवलंस, तूच नीट कर," वस्ताद म्हणाले, आणि माझ्याकडं पाठ करून गर्दीला अडवत उभे राहिले. पडद्याचा माहितीचा कागद चिनी भाषेत. कुठला रंग आधी, हे सांगणारा ड्रायव्हरमधला एकच आकडा बदलायचा होता, पण तो कुठला? एक बदलला, पडद्यावर मुंग्या आल्या. दुसरा बदलला, पडदा काळा. प्रत्येक वेळी बोर्ड बंद करून चालू करायला मिनिट जायचं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाला बसिवलंय व्हय?" वस्ताद गरजले, "गप ऱ्हा! आमची इंजिनेर हाय ती!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोललेल्या माणसाची बाजू घेत होते ते, आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं.

चौथ्या खेपेला पडदा लाल झाला. मग हिरवा. मग निळा. वस्तादांनी या वेळी स्वतः नाव घेतलं नाही. आजऱ्याच्या मुलीला बोलावून पडद्यापुढं उभं केलं. "ह्यो कुठला रंग?"

"निळा."

"ह्यो तुझा. आता बिनघोर बघ."

परतची कुस्ती मी फलकाशेजारी उभी राहून पाहिली. निळी अशी काही भिडली, की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मी देवाला विनवत होते, जिंकू दे हिला, माझ्यावरचं ओझं उतरू दे. ती हरली. एका गुणानं, अगदी शेवटच्या क्षणाला, आणि फलकानं ते जसंच्या तसं दाखवलं.

घाम पुसत ती वस्तादांकडं आली. "मगाशी मी हारले नव्हते," ती म्हणाली. "आत्ता हारले."

"मला न्हाय, हिला सांग," वस्ताद म्हणाले.

तिनं माझ्याकडं तोंड केलं आणि तेच वाक्य परत म्हटलं, सावकाश. त्यात राग नव्हता. "मी रंग तपासले नव्हते," मी म्हणाले, "यांना खोटं सांगितलं होतं." तेवढं बोलले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. वस्तादांनी मला गप्प केलं नाही. लाल मुलगी अजून मॅटजवळच उभी होती, तिला त्यांनी हाक मारली, आणि लाल-निळ्या दोघी पोरींना पुढं घालून चहाला घेऊन गेले.