कडी नको लावू

आमच्या चालबाईंना कशालाही चाल लावता यायची. इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या, रांगेत उभ्या असल्या तरी बोटं पर्सवर ठेका धरून. एकदा त्यांच्या कंपनीचा मंदूब, कागदपत्रांच्या खेपा घालून वैतागलेला इजिप्तचा माणूस, विचारता झाला, "मदाम, खलास?" तर बाई म्हणतात, "खलास कुठलं, अजून अंतरा राहिलाय!" त्याला काय कळलं देव जाणे, पण हसला बिचारा.

आठवडाभर त्या हिशेबनीस. शुक्रवारी मात्र सबाह अल-सालेम भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पेटी उघडायची आणि आम्ही मराठी मंडळी चपला काढून आत. कुवेतमध्ये आम्ही जेवढी संगीत नाटकं केली, त्यांतलं गाणंन् गाणं बाईंचं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. आयतं, उसनं काही नाही. सांगताना माझी मान आजही ताठ होते.

गाणं देण्याआधी त्या माणसाला घरी बोलवायच्या, मटार सोलायला बसवायच्या आणि मुद्दाम वाद उकरून काढायच्या. म्हणायच्या, "गळा गाताना खोटं बोलतो गं, भांडताना नाही." एका बेसूर बँकवाल्याला त्यांनी असं तणतणायचं गाणं दिलं की त्यालाच वन्समोअर!

माझ्याशी त्या पापलेटावरून भांडल्या. आठवड्याने गाणं हातात ठेवलं. नाटकात मी दर्यावर्दीची बायको होते, नवरा निघालेला.

"दार लोटून जा, कडी नको लावू,
परतशील तेव्हा हाक नको मारू."

तालमीत मी ते म्हटलं आणि सेट ठोकणाऱ्या बाबल मिस्त्रीचा हातोडा थांबला. त्याच्या हाताखालची कोकणातली पोरं फळ्या धरून तशीच उभी.

आणि रंगीत तालमीला बाईंनी ते गाणं कापलं! "नाटक इथं थांबतंय," म्हणाल्या.

"अहो, सगळ्यांत चांगलं गाणं हेच आहे!"

"म्हणूनच थांबतंय. नाटकासाठी गाणं असतं, गाण्यासाठी नाटक नाही."

माझा नुसता तिळपापड झाला. महिनाभर मी धड बोलले नाही. त्यांनाही ते लागलं होतं, हे पुढे एकदा गाडीत कळलं. सिग्नलला थांबलो असताना अचानक म्हणाल्या, "चार लोकांच्या कानांवर पडायला हवं होतं गं ते. माझं सगळ्यांत आवडतं होतं." पुढच्या नाटकात घालू म्हटलं, तर म्हणे, "दुसऱ्याच्या मापाचं झबलं घालतात का कुणी?" विषय संपला.

मधे बरीच वर्षं गेली. बाबल मिस्त्रीने अहमदीला कामगारांच्या खोल्यांवर आम्हा दोघींना सत्यनारायणाला बोलावलं. प्रसाद झाला, भजन सुरू झालं, आणि ढोलकीवर बसलेल्या एका पोराने आवाज लावला. "दार लोटून जा..." मी बाईंचा हात घट्ट धरला. चाल तीच, जराशी धावती. सगळी खोली मागे म्हणत होती. आणि शेवटी एक कडवं आलं, जे बाईंनी लिहिलंच नव्हतं:

"दार उघडांच आसा, कडी गंजान गेली,
वाट बघता बघता पोरां मोठी झाली."

वर्षानुवर्षं बायकापोरांपासून लांब राहिलेली माणसं ती. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग पोराला विचारलं, "कुणाचं रे हे?"

"ह्यां आमच्या गावाकडचां जुनां गाणां, बाय."

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी चिमटा काढला. परतताना गाडीत शाळकरी पोरीसारख्या खूश. "ऐकलंस? जुनं म्हणाला! अगं, याच्यावर आणखी काय बक्षीस असतं?"

गेल्या वर्षी बाईंचे यजमान निवृत्त झाले आणि बाई मिरजेला गेल्या. शुक्रवार अगदी ओकाबोका झाला. यंदाच्या नाटकात मी पुन्हा एका वाट बघणारीच्या भूमिकेत, म्हणून हट्टाने फोन करून ते गाणं मागितलं. म्हणाल्या, "शेवटचं कडवं घेणार असशील तर घे. आणि ते त्यांनाच म्हणू दे."

घेतलं. बाबल मिस्त्री आणि त्याची माणसं सेटमागून म्हणत पुढे आली, आणि नाटक थांबलं नाही, उलट उभं राहिलं. पडदा पडल्यावर मी माईक घेऊन, छाती फुगवून, बाईंचं नाव खणखणीत घेतलं.

मागून तो ढोलकीवाला माझ्या कानाशी लागला, "ताई, कायतरी चुकताहा. माझी आजी म्हणायची ह्यां गाणां."

मी त्या रात्री मिरजेला फोन लावला आणि हे वाक्य, बक्षीस पोचवावं तसं, जसंच्या तसं बाईंना सांगितलं.