बाबांचा टॅब्लेट जोडायचा राहिला

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेट कंपनीचा डबा दारापाशी, आणि माझी खोली पार दुसऱ्या टोकाला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा हमखास अडकून पडायचा. तक्रार केली तर कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, डब्बा तो यही मिलेगा. अपना राउटर लगा लीजिए." मला तेच हवं होतं. असल्या कामांची मला हौस आहे, आणि मध्ये कोणी बोललेलं मला खपत नाही.

शनिवारी राउटर आणला. डब्यातून वायर काढून माझ्या खोलीपर्यंत ओढली. बाबा स्टूल धरायला आले, डब्याच्या दिव्यांकडे बोट दाखवून काही विचारू लागले. मी खेकसलो, "बाबा, प्लीज, कशालाही हात लावू नका." दोन वायफाय एकमेकांच्या पायात येतात म्हणून डब्याचा बंद केला, फक्त माझा ठेवला. फोन, लॅपटॉप, टीव्ही जोडले आणि स्वतःवरच खूश झालो.

बाबांना जवळजवळ ऐकू येत नाही, कानाशी ओरडलं तर थोडंफार कळतं, त्यामुळे फोन त्यांच्या कामाचा नाही. दर रविवारी अकरा वाजता मिरजेहून काका त्यांच्या टॅब्लेटवर व्हिडिओ कॉल करत. काका पाटीवर खडूने लिहून दाखवत, बाबा इकडून ओरडून उत्तर देत. त्या रविवारी कॉल आला नाही. पुढच्या दोन रविवारीही नाही. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत आणि बाराला उठत. मी विचारलं तर म्हणाले, "रुसलाय. मागे मी त्याला हट्टी म्हणालो ना."

"अच्छा," म्हणून मी मीटिंगला गेलो. घरभर इंटरनेट खेळवणारा मी, आणि दिव्याखाली अंधार.

मंगळवारी सकाळी चुलतभावाचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. मी कागदावर लिहून बाबांना दाखवलं. अंत्यसंस्कारापर्यंत इतक्या दुरून मिरजेला पोचणं शक्य नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, व्हिडिओवर दर्शन घडवतो. बाबांनी टॅब्लेट आणून माझ्या हातात दिला. कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर फुली होती. बिचारा अजून डब्याचा जुना वायफाय शोधत होता.

"ही फुली दिसली नाही तुम्हाला?" मी बोटाने दाखवत विचारलं.

"दिसली. पण तू हात लावू नका म्हणालास."

मी पासवर्ड टाकला. काकांचे हुकलेले कॉल एकामागून एक उतरले, तिन्ही रविवारचे, अकराचे, सव्वाअकराचे. सगळ्यात शेवटी पाटीचा फोटो आला. अक्षर थरथरलेलं होतं. "दादा, रागावलास का?"

बाबांनी तो दोनदा वाचला. तेवढ्यात चुलतभावाचा कॉल आला आणि काकांचा चेहरा दिसू लागला. बाबा पुढे वाकले आणि दर रविवारच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "नाही रे."