वादळाच्या देवाचे भित्रे अभ्यासक

इतका भित्रा माणूस मी जर्मनीतल्या या हॅनोव्हरमध्येच काय, उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. आणि या माणसाने अभ्यासाला देव निवडला होता तो वादळाचा. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे नागपूरचे गृहस्थ प्राचीन इजिप्तच्या सेत नावाच्या देवावर प्रबंध लिहीत होते. आम्ही त्यांना आधीपासूनच डॉक्टर म्हणत असू, तर त्याचीही त्यांना धास्ती. "अहो, हळू बोला. पदवी नसताना लावणं इथे गुन्हा आहे." गाडीच्या पाऊण तास आधी ते स्टेशनवर पोहोचत. घराला कुलूप लावून निघाले, की शेगडी बंद आहे का ते बघायला तीनदा जिना चढत. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून पत्र आलं, की पाकीट घेऊन आमच्याकडे येत. "तुम्ही उघडा. मी खिडकीपाशी उभा राहतो."

सेतची बाजू मात्र ते निधड्या छातीने घेत. "भावाला मारलं त्याने, कबूल. पण सूर्याच्या होडीवर रोज सर्प चालून येतो, तेव्हा पुढे भाला घेऊन कोण उभा असतो? हाच." मी एकदा विचारलं, "म्हणजे तुम्ही त्याची पूजा करता?" ते दुखावले. "मी बुद्धाला मानणारा माणूस. पूजा कसली? अभ्यास करतो."

त्या जानेवारीत बायको आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती. मी शेजारच्या ब्राउनश्वाइग शहरात कामावर असताना वादळ आलं आणि रेल्वेगाड्या बंद झाल्या. पाच वर्षांची मुलगी हॅनोव्हरात किंडरगार्टनमध्ये, आणि ते चारला बंद होणार. मी डॉक्टरांना फोन लावला.

"झाडं पडताहेत हो," ते म्हणाले. मग खिडकी दोनदा लावून पाहिल्याचा आवाज आला. "निघतो."

मुलीला त्यांच्या हवाली करायची परवानगी मी किंडरगार्टनच्या बाईंना फोनवर दिली. चारला त्या म्हणाल्या, दोघं निघाली. चालत वीस मिनिटांचं अंतर; पण पाच वाजले तरी डॉक्टर फोन उचलेनात. एका सहकाऱ्याने गाडीतून मला आणलं, तेव्हा साडेसहा झाले होते. आमच्या घराला कुलूप. वर गेलो तर डॉक्टरांचं दार सताड उघडं, आणि त्यांचा फोन टेबलावर. मी तिथेच पायरीवर बसलो.

थोड्या वेळाने खालून पावलं वाजली. डॉक्टर भिजून चिंब, खांद्यावर मुलगी, तिच्या डोक्यावर त्यांचं सायकलचं हेल्मेट.

"एकाही झाडाखालून गेलो नाही," ते म्हणाले. झाडांनी भरलेल्या त्या शहरात त्यासाठी त्यांना अडीच तास लागले होते. मुलीने जर्मनमध्ये सांगितलं, की काका वाटभर आकाशाला रागावत होते.

"सेतला," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "फार घाबरलो होतो हो." मी मुलीला त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. "मीही," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती संपली आणि प्रबंध अर्धा ठेवून ते नागपूरला परतले. वर आता एक जोडपं राहतं. शांत, नीटनेटकी माणसं. कशालाच घाबरत नाहीत, आणि आमचं दारही वाजवत नाहीत.