टॉय ट्रेनचा अहवाल

पनवेलजवळ हायवेला लागून एक पार्क होतं. दोन हजारनंतरची काही वर्षं मी तिथं मेंटेनन्स सुपरवायझर होतो. मागच्या बाजूला लहान मुलांचा विभाग होता: हत्तींची चकरी, दोन घसरगुंड्या आणि चार डब्यांची टॉय ट्रेन. ट्रेन विचुंब्याकडच्या एक बाई चालवायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. एखादं मूल रडायला लागलं की त्या त्याला इंजिनात शेजारी बसवायच्या आणि भोंगा त्याच्याकडूनच वाजवून घ्यायच्या.

पुढे कॉलेजची मुलं यायला लागली, बंपर कारवर गर्दी झाली आणि त्या गाड्या वरचेवर बिघडू लागल्या. नवे पार्ट यायला महिना लागायचा. तोवर राइड बंद ठेवली की वरून फोन. मग आम्ही मेंटेनन्सवाले सर्रास करायचो ते मीही केलं: इथलं काढायचं, तिथं लावायचं. नोंद नाही करायची, कारण परत लावणारच आहोत ना! आधी ट्रेनच्या मागच्या डब्याची बेरिंगं काढली, शेवटी मोटरच. पुढे 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावली. ती वर्षभर तिथंच होती.

"साहेब, आमची गाडी कवा चालू करताव?" मावशी विचारायच्या.

"पार्ट यायचाय, मावशी."

"इतकं दिस? जहाजानं येतंय का काय?"

खंडेनवमीला आम्ही सगळ्या राइड्सना हार घालायचो. त्या वर्षी मावशींनी ट्रेनलाही घातला. बंपर कारवाला हसला, "मावशी, मेलेलीला हार?"

"मेली नाय. निजलीय. तुजासारकी, ड्युटीवर."

सगळे हसले. मीही हसलो. मोटर त्याच्याच एका गाडीत होती.

थोड्या दिवसांनी वरून विचारणा झाली, ट्रेन दुरुस्त होईल की काढायची? मोटर आणली असती तर दोन दिवसांचं काम होतं. पण मग आधीची कुठे गेली, हा प्रश्न आला असता. मी लिहिलं: दुरुस्ती शक्य नाही, ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे मोटर जळून गेली. इंग्रजीत लिहिलं. त्याखाली ऑपरेटरची सही लागायची.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं.

"गाडी जुनी झाली, एवढंच."

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

महिन्याभरात रूळ उखडले, हत्ती भंगारात गेले आणि त्या जागी रेन डान्सचा चौथरा झाला. मावशींना संडास-बाथरूमच्या सफाईला लावलं. गाडी त्यांनीच बिघडवली, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलायचे. मी ऐकायचो. थोड्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं. पुढे मीही तळोज्याच्या एका कारखान्यात लागलो.

सहा-सात वर्षांनी पनवेलच्या मासळी बाजारात त्या दिसल्या. माझ्या हातात कोलंबीची पिशवी होती. तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना काय सांगताव? मी नाय बिघडवली, ते मना ठाव हाय. जिथं लिवलं तिथं सांगा."

पुढच्याच आठवड्यात मी पत्र लिहून पार्कच्या ऑफिसात गेलो. मोटर मी काढली, अहवाल खोटा होता, ऑपरेटरची काही चूक नव्हती, असं सरळ लिहिलं होतं, मावशींच्या पूर्ण नावासकट. मॅनेजर नवा होता, तिशीतला. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"इथं ट्रेन होती?"

"होती. रेन डान्स आहे ना, तिथं."

"तेव्हाच्या फायली नाहीत हो आता. हे कशाला जोडू?"

"कशालाच जोडू नका. नुसतं ठेवा."

त्याने खांदे उडवले, पत्र घेतलं आणि माझ्या प्रतीवर पोच दिली.

ती प्रत घेऊन मी विचुंब्याला गेलो. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. प्रत त्यांनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"शिक्का मारलाय ना?"

"मारलाय."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या आणि कागद घेऊन आत गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.