सहा महिन्यांनी पुन्हा या

गवारीची शेंग कट्‌कन मोडून ती गिऱ्हाइकाच्या कानाशी धरायची. "ऐका नं भाऊ! शिळी असती तं बोलली असती काय?" देवळीच्या बाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर माझ्या कापड दुकानाच्या पायरीशी बसणारी ही आंजी गावची बाई तुम्हीही पाहिली असेल. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

तिला वाचता येत नव्हतं. रेशनच्या कागदापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं माझ्याकडून वाचून घेई. "तुमी सांगतलं म्हणजे झालं."

एकदा सलग दोन बाजार ती दिसली नाही. तिसऱ्याला आली ती हसतच. शौचातून रक्त जात होतं. नागपूरला तपासलं तर आतड्यात गाठ निघाली, पण अगदी सुरुवातीची. डॉक्टरांनी पोट न फाडता, खालून दुर्बीण घालून ती काढली होती. "एक टाका नाई, भाऊ!" मग तिने कागद पुढे केला. "सुटी देताना काय सांगतलं, ध्यानात नाई राह्यलं. वाचा नं."

कागदात स्पष्ट होतं. गाठ तुकड्यातुकड्यांनी काढली आहे. काही उरलं का ते पाहायला सहा महिन्यांनी पुन्हा या.

मी ते वाचलं. पण दुकानात चार जण बसले होते, आणि मला त्यांच्यापुढे शहाणपण मिरवायचं होतं. "टाका नाई, चिरा नाई, अशी गाठ निघते काय, मावशी? बनवलं तुमाले. पुन्हा बोलावतेत, पण काऊन जाता? बऱ्या झाल्या नं?"

सगळे हसले. तीही हसली, जराशी ओशाळून. कागद घडी करून तिने गवारीच्या टोपल्याखाली सरकवला.

दीड वर्षाने रक्त पुन्हा सुरू झालं. आता दुर्बिणीने भागणार नव्हतं. पोट उघडावं लागलं, आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी आली.

मी मावशीला भेटायला आंजीला गेलो. सून संतापलेली होती. "सहा महिन्यांनी बोलावलंतं म्हणे डॉक्टरनं. कागदात लिवून होतं. आमाले कोणी सांगतलंच नाई!"

मी मान खाली घातली. खाटेवरून मावशी म्हणाली, "भाऊनं तं सारं वाचून देल्लतं. जा म्हणे. मीच नाई गेली. मले भेव वाटला."

सुनेने चहा दिला, तो मी प्यालो. निघताना मावशीने डाव्या कुशीवरची पिशवी पदराने झाकली आणि म्हणाली, "उन्हाचं काऊन निघता? बसा नं."

ती आता बाजारात येत नाही. आंजी काही लांब नाही. पण तिच्या सुनेला खरं सांगायला मी अजून गेलेलो नाही.